गाठोड्यावरची इस्त्री

मित्रांनो, या, बसा. हात मात्र लावू नका. हल्ली मी गारच असते, पण कोणी बोट पुढे केलं की अजून मीच आधी दचकते. मी इस्त्री. विजेवर चालणारी, बिडाच्या तळाची, काळ्या मुठीची आणि चांगली वजनदार. आजकालच्या इस्त्र्या बघितल्या की मला हसू येतं. एका बोटावर उचलल्या जातात, वाफ काय सोडतात, लाल दिवे काय लावतात, आणि जरा कुठे आपटल्या की रुसून बसतात. मी टेबलावरून तीनदा पडले आहे. तिन्ही वेळा फरशी फुटली.

माझा जन्म कारखान्यातला. तळ ओतला, घासला, आरशासारखा चकाकेपर्यंत पॉलिश केला. तपासणाऱ्या माणसाने मला तापवून पांढऱ्या कापडावर फिरवलं, डाग पडला नाही असं बघितलं आणि खोक्यात घातलं. बालपण म्हणून सांगण्यासारखं एवढंच. खोकं उघडलं ते थेट लॉन्ड्रीत. दुकान तेव्हा ताईच्या आईचं होतं, मग ताईचं झालं. दुकानाबरोबर मीही ताईकडे आले.

ताई म्हणजे आमची मालकीण. अख्खा रस्ता तिला ताई म्हणतो, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. बोलणं मोजकं, पण हात असा की शर्टाची कॉलर एकदा दाबली की आठवडाभर मान वर. दुकान छोटं. समोर काचेची खिडकी, तिच्यात धुऊन तयार झालेले कोट टांगलेले. मग काउंटर, काउंटरमागे माझं टेबल, आणि भिंतीला दोन मांडण्या. उजवीकडची मांडणी हिरव्यांची, डावीकडची लालांची.

हे हिरवे आणि लाल म्हणजे आमच्या गावाचे दोन फुटबॉल संघ. मैदान रस्त्याच्या पलीकडे, दुकानापासून हाकेच्या अंतरावर. दोन्ही संघांचे कपडे आमच्याकडेच यायचे, कारण गावात चिखलाचा डाग खरोखर काढणारी दुसरी लॉन्ड्री नव्हती. सामना रविवारी. गुरुवारी धुतलेले कपडे इस्त्रीला लागायचे आणि शनिवारी चादरीत बांधलेली दोन गाठोडी दोन मांडण्यांवर तयार असायची.

आता माझ्या कामातली एक खुबी ऐका, पुढे लागेल. खेळाच्या शर्टाच्या पाठीवर रबरी आकडा असतो. तो मीच चिकटवायची. वर सुती कापड ठेवायचं आणि मला दाबून धरायचं. पण एकदा चिकटल्यावर आकड्याला माझं पोट थेट लागलं तर रबर वितळतं. म्हणून असे शर्ट नेहमी उलटे करून दाबायचे. आमच्या ताईने त्यापुढे स्वतःचा एक नियम केला होता. उलटा दाबलेला शर्ट घडीही उलटीच घालायची आणि गाठोड्यातही उलटाच बांधायचा. आकडा आत, शिवण बाहेर. कोणी विचारलं तर म्हणायची, "माझ्याकडे दोघांचे कपडे येतात. कोणता आकडा आला, कोणता नाही आला, हे मला कळतं तेवढं पुरे."

दुकानात दुसरं माणूस म्हणजे ताईचा नवरा. ती जगाची ताई, तर हा जगाचा दाजी. शाळेची व्हॅन चालवायचा. सकाळी मुलं सोडायची, संध्याकाळी आणायची आणि मधला सगळा वेळ काउंटरवर कोपर टेकून फुटबॉल बोलायचा. माणूस मनाने वाईट नाही हो! व्हॅनमधल्या मुलांची दप्तरं स्वतः उचलायचा. पण हिरव्यांचा वेडा. हिरवे हरले की जेवायचा नाही, जिंकले की कोणाला जेवू द्यायचा नाही. आणि पोटात काही राहायचं नाही त्याच्या.

त्या वर्षी फायनलला नेमके हिरवे आणि लालच आले. गावात दुसरा विषय उरला नाही. त्या गुरुवारी बटण दुकानात आला. बटण म्हणजे लाल संघाचा राखीव गोलकीपर. बेकरीत भट्टीवर काम करायचा. उंची बेताची, म्हणून सगळे त्याला बटण म्हणायचे, आणि तोही हाकेला ओ द्यायचा. इतकी वर्षं संघात असून सामना खेळण्याची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती, कारण लालांचा मुख्य गोलकीपर म्हणजे ताडमाड आणि दगडासारखा धडधाकट. बटण बाकावर बसायचा, पाण्याच्या बाटल्या भरायचा आणि सामना संपल्यावर कपड्यांचं गाठोडं आमच्याकडे आणून टाकायचा.

त्या दिवशी त्याने पिशवीतून एक कोरा शर्ट काढला. गोलकीपरचा, लहान मापाचा. सोबत रबरी आकडा, एक.

"ताई, हा चिकटवून द्या. आणि गाठोड्यात सगळ्यात खाली ठेवा बरं का."

ताईने शर्टाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आमच्या लीगमध्ये एक नंबर घालतो तोच गोलमध्ये उभा राहतो. मोठ्या गोलकीपरचा शर्ट बटणच्या गुडघ्यापर्यंत आला असता. ताई काय समजायचं ते समजली.

"त्याला काय झालं?" तिने हळूच विचारलं.

"बोट मोडलंय सरावात. कोच आणि आम्ही दोघं सोडून कोणाला माहीत नाही. तुम्ही चौथ्या."

"मी कोणीच नाही," ताई म्हणाली आणि तिने माझी वायर लावली.

मित्रांनो, मी आयुष्यात हजारो कपडे दाबले, पण तो आकडा दाबताना बटण ज्या नजरेने बघत होता तशी नजर मी नवरदेवाच्या कोटालाही मिळालेली बघितली नाही. शर्ट उलटा झाला, घडी झाली, सगळ्यात खाली गेला, वरून गाठ बसली.

शुक्रवारी दुपारी ताई दवाखान्याच्या चादरी पोचवायला गेली. दाजी दुकानात एकटा होता. मी टेबलावर उभी, गार होत होते. दाजीने रस्त्यावर नजर टाकली, डाव्या मांडणीकडे गेला आणि लालांच्या गाठोड्याची गाठ सोडली. मी तापलेली असते तर चटका दिला असता, खरं सांगते! एकेक शर्ट चाचपत तो तळाशी पोचला. लहान माप हाताला लागलं. त्याने शर्ट सुलटा केला, आकडा बघितला आणि शीळ घातली. मग घाईघाईने सगळं परत बांधलं आणि व्हॅनची किल्ली उचलून तसाच हिरव्यांच्या कोचकडे गेला.

शनिवारी हिरव्यांनी मैदानाचं फाटक बंद करून दिवसभर एकच सराव केला. उंच चेंडू.

फायनल मी काही बघितली नाही. इस्त्रीला कोण नेतंय? पण आरडाओरडा दुकानात स्पष्ट ऐकू यायचा, आणि सोमवारी गिऱ्हाइकांनी उरलेलं सगळं पुरवलं. हिरव्यांनी तीन गोल मारले. तिन्ही बटणच्या डोक्यावरून. आणि एवढ्यावर भागलं असतं तर कोणाला संशयही आला नसता. गोलकीपर दुखावला, राखीव आला, हरले, संपलं. पण आमच्या दाजीला कुठला दम निघतोय? संघ अजून मैदानात उतरायचे होते, खेळाडूंची यादी फळ्यावर लागायची होती, तेवढ्यात हा स्टँडमध्ये उभा राहून ओरडला, "आज बटण आहे रे! वरून लावा, वरून!" मागच्या रांगांनी ते उचललं. बटण मैदानात आला तेव्हा अर्धं स्टँड त्याच्या नावाने ओरडत होतं आणि हसत होतं.

लालांच्या कोचला प्रश्न पडला. यादी लागायच्या आधी दाजीला कळलं कसं? शर्ट तर त्याच्याच बायकोच्या दुकानात होता. त्याने लीगच्या शिस्त समितीकडे तक्रार केली, आणि चषक हिरव्यांच्या कपाटातून समितीच्या कपाटात गेला.

त्यानंतर आमच्या दुकानात जी वादावादी चालली, तिच्या वाफेवर कपडे दाबून निघाले असते. एका बाजूला चष्म्याच्या दुकानाचा मालक, पक्का हिरवा. दुसऱ्या बाजूला शाळेतल्या गणिताच्या बाई, पक्क्या लाल. दोघांचे कपडे एकाच वेळी तयार व्हायचे हे ताईचं दुर्दैव.

"समोरच्या संघाचा अभ्यास करायचा नाही का?" चष्मेवाला म्हणाला. "आमचा कोच तुमच्या प्रत्येक सामन्याला येतो, लिहून घेतो. तुमचाही येतो. त्याला कोणी चोर म्हणतं का?"

"तिकीट काढून येतो ना? मग खुशाल येऊ दे," बाई म्हणाल्या. "मैदानात जे उघड चाललंय ते सगळ्यांनी बघावं. पण दुसऱ्याचं गाठोडं सोडून बघण्याला तुम्ही अभ्यास म्हणता? माझ्या वर्गात असला अभ्यास कोणी केला तर मी पेपर काढून घेते."

"आणि गेल्या वर्षी तुमचा माणूस पाण्याच्या टाकीवर चढून आमचा सराव बघत होता, ते विसरलात वाटतं? त्याला नुसती ताकीद! आणि आमचा चषक काढून घ्यायचा? हा कुठला न्याय?"

ते खरं होतं. "ते चुकलंच," त्या म्हणाल्या. "पण टाकी रस्त्यालगत आहे. तिथून कोणालाही दिसतं, असं समितीने तेव्हा लिहिलंय."

"बरं, दाजीने केलं असेलही. आमच्या पोरांनी काय केलं? त्यांना तर काही माहीतसुद्धा नव्हतं. एकाने बघितलं म्हणून अकरा जणांना शिक्षा?"

"आणि ज्याने ऐकून घेतलं तो? कुठून कळलं, असं तुमच्या कोचने एकदा तरी विचारलं का?"

ताई मान खाली घालून माझ्याखालची पँट दाबत राहिली. एकाच घडीवरून तिने मला चार वेळा फिरवलं. दोघं गेल्यावर दाजी म्हणाला, "मी समितीला सांगितलंय, शर्ट खिडकीत टांगलेला होता, रस्त्यावरून जाताना दिसला. टाकीचा नियम इथेही लागतो. तू फक्त हो म्हण."

ताईने मला उभं केलं. "आणि मी हो म्हटलं, की मी लालांचं गुपित खिडकीत टांगते असं होईल."

"थोडे दिवस बोलतील लोक."

"आणि नाही म्हटलं, की तू खोटा."

"मी तुझा नवरा आहे गं!" दाजी म्हणाला. "मला मैदानात कायमचं येऊ देणार नाहीत. माझ्यामुळे चषक गेला म्हणून हिरवे माझं तोंड बघणार नाहीत. काय करू मी मग रविवारी?"

मला त्या वेळी दाजीचा राग आला होता आणि कीवही आली होती. दोन्ही एकदम येतात, मित्रांनो, लोखंडालासुद्धा.

समिती दुकान बघायला आली. तिघे जण. अध्यक्ष म्हणजे निवृत्त झालेले दातांचे डॉक्टर. समोरचा बोलू लागला की ते त्याच्या शब्दांकडे कमी आणि दाढांकडे जास्त बघायचे. त्यांनी खिडकी बघितली, मांडणी बघितली, माझ्याकडेही बघितलं. दाजी काउंटरला चिकटून उभा होता. दोन्ही संघांचे कोच दारात, आणि त्यांच्या मागे बटण, बेकरीतून तसाच आलेला, बाह्यांना पीठ लागलेलं.

"ताई," अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न साधा आहे. तो शर्ट खिडकीत होता का? असेल तर जे रस्त्यावरून दिसतं ते बघणं हा गुन्हा नाही. मागच्या वर्षीही आम्ही तसंच ठरवलं होतं."

ताईने मांडणीवरून आकडा असलेला एक शर्ट घेतला, उलटा करून खिडकीत टांगला आणि म्हणाली, "जरा बाहेर जाऊन बघता?"

अध्यक्ष बाहेर गेले. काचेला नाक लावलं, मान तिरकी केली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. आत येऊन म्हणाले, "आकडा दिसत नाही."

"दिसणारच नाही. माझ्याकडे खेळाचा शर्ट उलटाच असतो. दाबतानाही आणि बांधल्यावरही." ताई पुढचं एका दमात बोलली. "आणि तो शर्ट खिडकीत नव्हताच. तो गाठोड्यात सगळ्यात खाली होता. तसं ठेवायचा शब्द मी दिला होता. शनिवारी मी गाठ बघितली तर ती माझी नव्हती. सोडून बघितलं तर तो शर्ट सुलटा. शुक्रवारी दुकानात एकच माणूस होता. तो माझा नवरा."

दाजीचा चेहरा पांढराफटक पडला. हिरव्यांचा कोच पायांकडे बघायला लागला. दाजी म्हणाला, "हो. मीच सोडलं गाठोडं." एवढंच बोलून तो मागच्या खोलीत निघून गेला.

निकाल आला. फायनल रद्द, सामना पुन्हा खेळायचा. हिरव्यांच्या कोचला पुढचा हंगामभर मैदानाच्या बाहेर बसायचं. दाजीला हंगामभर स्टँडमध्ये बंदी. शिवाय समितीने टाकीवर चढणाऱ्यांसाठीही यापुढे हीच शिक्षा ठरवली. हिरवे म्हणाले फार झालं, लाल म्हणाले फार कमी झालं. चष्मेवाला आणि गणिताच्या बाई यांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं, की समितीला काही कळत नाही.

सामना पुन्हा झाला, आणि हिरवे पुन्हा जिंकले. एकच गोल, पण चोख. संध्याकाळी दाजी म्हणाला, "बघ, तसेही जिंकलोच असतो की आम्ही." म्हणाला खरा, पण त्या दिवशीही तो जेवला नाही.

आणि बटण? फेरसामना होईपर्यंत मोठ्या गोलकीपरचं बोट बरं झालं होतं. बटण बाकावर बसला. पहिला सामना रद्द झाल्यामुळे लीगच्या कागदांवर तो कधी खेळलाच नाही.

फेरसामन्याच्या दुसऱ्या दिवशी ताई सारखी दाराकडे बघत होती. लालांचं गाठोडं येतं की नाही? दुपार झाली, हिरव्यांचं येऊन पडलं. मग बटण आला. त्याने गाठोडं डाव्या मांडणीवर ठेवलं, नेहमीसारखं. ताईने पदराने कपाळ पुसलं. मग त्याने तो लहान शर्ट काढला.

"यावरचा आकडा काढता येतो का, ताई?"

"तापवून काढता येतो. पण खूण राहते."

दाजी तिथेच होता. तो पुढे आला. "बटण, मी तुझ्या उंचीवरून ओरडलो. तसं ओरडायला नको होतं. माफ कर मला."

बटणने शर्टाची घडी घातली, उलटी. मग म्हणाला, "उंचीचं काय, दाजी? ती सगळ्यांना दिसते. ते काही गुपित नव्हतं. मी त्या दिवशी गोलमध्ये उभा राहणार, हे गुपित होतं. मी आईलाही सांगितलं नव्हतं. तिला नुसतं तिकीट दिलं होतं. म्हटलं होतं, ये, सामना बघ. मी मैदानात आलो की तिला आपोआप कळणार होतं." त्याने घडीवर हात फिरवला. "तिला तुमच्या तोंडून कळलं. ती तुमच्या पुढच्याच रांगेत बसली होती."

दाजी काउंटरपासून मागे सरला. बटण त्याला काही वाईट बोलला नाही. आकडा राहू दे म्हणाला, शर्ट पिशवीत टाकला आणि भट्टीची वेळ झाली म्हणून निघून गेला. ताईने मला तापवायला लावलं आणि विसरून गेली. कितीतरी वेळ मी नुसतीच तापत राहिले.

आता मी थकले, मित्रांनो. माझी कॉइल जळली. वायर दोनदा बदलली, तिसऱ्यांदा दुरुस्तीवाल्याने हात टेकले. माझ्या जागी वाफेची नवी आली आहे, आणि मान्य करते, काम बरं करते. भंगारवाला दारात आला तेव्हा मला वाटलं, संपलं आपलं. पण ताईने मला उचललं आणि डाव्या मांडणीवर, लालांच्या गाठोड्यावर ठेवलं. हिरव्यांच्या गाठोड्यावर माझ्याच वजनाचं तराजूचं एक लोखंडी माप ठेवलं. आता कोणाला गाठ सोडायची असेल तर आधी आम्हाला उचलावं लागतं.

दाजीची बंदी केव्हाच संपली. तो स्टँडमध्ये जातो, घसा फुटेपर्यंत हिरव्यांच्या नावाने ओरडतो, पण यादी लागेपर्यंत ओठ उघडत नाही. ताई चादरी पोचवायला गेली की तो दुकानात एकटा असतो आणि मी इथे गार बसलेली असते. आजवर एकदाही त्याने मला हात लावलेला नाही. फडक्याने मांडणी पुसतो, माझ्याभोवतीने पुसतो.

लहान दोस्तांनो, कोणी विश्वासाने तुमच्या हाती काही दिलं, तर ते शर्ट असो, चेंडू असो नाहीतर कानात सांगितलेली गोष्ट असो, ते जसं दिलं तसंच परत करा. गाठ सैल दिसली तरी सोडू नका. आतली वस्तू तुम्हाला एवढीशी वाटेल, पण ती कोणासाठी ठेवली आहे हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

उद्या रविवार आहे. हिरवे विरुद्ध लाल. गुरुवारी बटण आला होता, ताईच्या कानात काहीतरी बोलला आणि जाताना पायरीवर अडखळला, एवढा कुठेतरी हरवलेला होता. त्या गाठोड्यात सगळ्यात खाली लहान मापाचा शर्ट आहे की नाही, हे मला माहीत आहे. मी त्याच्यावरच बसले आहे.

मला विचारू नका. उद्या त्याची आई बघेल, मग तुम्ही बघा.